काँक्रीटच्या वाटेला भेगा का पडतात?

श्रोतेहो, तुमच्या गावात चावडीपासून देवळापर्यंतची गल्ली आता काँक्रीटची झाली असेल. नसेल, तर शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंतची वाट तरी झालीच असेल. काम सुरू होताना नारळ फुटला, कामाचा फलक लागला, पोरे नव्या गुळगुळीत वाटेवरून अनवाणी धावली. आणि एक पावसाळा जाऊन दुसरा येतो न येतो तोच त्या वाटेवर एक रेघ उमटली. रेघेची भेग झाली, भेगेत गवत उगवले. मग पारावरची मंडळी एकच निकाल देतात, ‘सिमेंट खाल्ले!’

हा निकाल कधी कधी खरा असतो. मी काही ठेकेदारांचे वकीलपत्र घेऊन तुमच्यापुढे आलेलो नाही. परंतु सिमेंट पुरेपूर घातलेल्या वाटासुद्धा फुटतात, हेही तितकेच खरे. भेग कशाने पडली हे आपल्याला ओळखता येत नाही, म्हणून खरी चूक जिथे झाली तिथे जाब विचारला जात नाही. आणि दुरुस्तीला मंजूर झालेला पैसा पुढच्या वर्षी त्याच भेगेतून खाली जातो. आपल्या गावाचा पैसा असा दोनदा मातीत जाऊ नये, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे.

मी भूगोल शिकवणारा माणूस, इंजिनियर नव्हे. पण गावातल्या वाटेची भेग निम्मी काँक्रीटची असते आणि निम्मी जमिनीची; आणि जमीन तर आमच्याच विषयात येते. तेव्हा दोन्हीकडून थोडे थोडे पाहू.

आधी काँक्रीट. आपण म्हणतो, ‘काँक्रीट वाळले’. खरे म्हणजे काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. चिखलाचा गोळा वाळून कडक होतो; तो पुन्हा पाण्यात टाका, विरघळून जाईल. काँक्रीटचे तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो, आणि त्यातून जो नवा पदार्थ तयार होतो तो वाळूला आणि खडीला धरून ठेवतो. म्हणून घट्ट होण्यासाठी काँक्रीटला पाणी लागते. ते वाळले की उलट त्याचे घट्ट होणे थांबते. ही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली म्हणजे पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आता पाणी किती लागते? आपल्याकडे काँक्रीटच्या कामासाठी ‘आय.एस. ४५६’ नावाचे भारतीय मानक आहे. गावातल्या वाटांना बहुधा जे एम-२० प्रतीचे काँक्रीट सांगितलेले असते, त्याचे माल मोजून सर्वसाधारण मिश्रण करताना पन्नास किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, असे त्यात दिले आहे. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. प्रत्यक्ष कामावर काय होते? मिक्सरवरचा माणूस पाणी डोळ्यांनी मोजतो. माल पातळ झाला की तो आपणहून पसरतो, फावड्याने ओढावा लागत नाही, दिवसात दोन गाळे जास्त होतात. गवंडीही खूष, मुकादमही खूष. परंतु ते जास्तीचे पाणी सिमेंटच्या कामाचे नसते. ते पुढे हवेत उडून जाते आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवते. काँक्रीट त्यामुळे कमजोर तर होतेच, शिवाय ते आकसते. सिमेंट पुरेसे असूनही काम वाईट होते ते असे. काम पाहायला गेलात तर गोण्या जरूर मोजा, पण बादल्याही मोजा.

चांगले, बेताच्या पाण्याचे काँक्रीटसुद्धा थोडे आकसतेच. लांबीच्या एका मीटरमागे तिसरा हिस्सा मिलिमीटर धरा, कधी त्याहून जास्त. वीस मीटरची गल्ली म्हणजे सहा-सात मिलिमीटर झाले. शिवाय ऊन-थंडी आहेच. दहा मीटरचा तुकडा तीस अंशांनी तापला की सुमारे तीन मिलिमीटर वाढतो आणि निवला की तितकाच आखडतो. एवढा हा पदार्थ ओढ खातो, पण ओढ सोसण्याची ताकद त्याच्यात फार थोडी. दाबाला तो पहिलवान आहे, ओढीला अगदी दुबळा. तेव्हा तो कुठेतरी तुटणारच.

तुटणार हे ठरलेलेच असेल, तर शहाणपण कशात आहे? त्याने कुठे तुटायचे हे आपण आधी ठरवून देण्यात. यालाच सांधा म्हणतात. वाटेच्या जाडीच्या चोवीस ते तीस पट अंतरावर आडवा काप घ्यायचा. चार इंच जाडीची पायवाट असेल तर आठ ते दहा फुटांवर एक. काप जाडीच्या निदान चौथा हिस्सा खोल हवा. वरवर थापीने ओढलेली रेघ म्हणजे नुसती शोभा. आणि तो वेळेवर हवा. काँक्रीट कापण्याजोगे घट्ट झाले की लगेच, उन्हाळ्यात त्याच दिवशी, एरवी फार तर दुसऱ्या दिवशी. ‘कटर मशीन सोमवारी येणार आहे’ म्हणून वाट पाहत बसलात तर काँक्रीट सोमवारपर्यंत थांबत नाही, आपला काप ते स्वतःच घेते, आणि तो काही सरळ रेषेत घेत नाही. काप बरोबर बसला की खालचे काँक्रीट त्या रेषेतच तुटते. भेग पडतेच, पण सांध्याच्या पोटात पडते, आणि दिसत नाही.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात बेलफाँटेन नावाचे एक गाव आहे. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या गृहस्थाने १८९१ साली तिथे काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला तुकडा करून दाखवला. गावाचा विश्वास बसेना, तेव्हा रस्ता पाच वर्षे टिकेल म्हणून त्याने पाच हजार डॉलरचा जामीन भरला. त्याने काँक्रीट एकसंध ओतले नाही. सुमारे पाच-पाच फुटांच्या चौकटींत ओतले. त्या गावातल्या कोर्ट अ‍ॅव्हेन्यूवरचे त्याचे काम सव्वाशे वर्षांनंतरही पाहायला मिळते. आपल्याकडच्या ठेकेदारांना पाच वर्षांचा असा जामीन भरायला सांगितला तर सांधे कसे आठवणीने कापले जातील, नाही का?

आता पाणी मारण्याचा प्रश्न, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण आपल्या गावांतली बरीच कामे इथेच बिघडतात.

काँक्रीट ओतल्यावर साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला निदान दहा दिवस ते सतत ओले ठेवावे, असे मानक सांगते. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर कुठल्याही सिमेंटला दहा दिवसांहून कमी नाही, आणि राखमिश्रित असेल तर चौदा दिवस करावेत. बाजारात हल्ली पुष्कळशा गोण्या राखमिश्रितच मिळतात, गोणीवर पी.पी.सी. असे छापलेले असते, ते वाचावे. सतत ओले म्हणजे सतत ओले. सकाळी एकदा पाइप फिरवला आणि दुपारी बारा वाजता वाट पांढरीफटक पडली, याला पाणी मारणे म्हणत नाहीत.

आणि आपली कामे होतात केव्हा? आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वर्षभर कागद फिरतात आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने निघते. म्हणजे ज्या दिवसांत ऊन वाढते, वारा सुटतो आणि विहिरी तळ गाठतात, नेमक्या त्याच दिवसांत आपण काँक्रीटला पाणी पाजायला निघतो. हिशेब करून पाहा. तीन मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब गल्ली म्हणजे दीडशे चौरस मीटर. तिच्यावर मातीची आळी करून अडीच सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर पहिल्यांदाच पावणेचार हजार लिटर लागते. कडक उन्हात त्यातले सेंटिमीटरभर पाणी रोज उडून जाते; ते भरून काढायला रोज दीड हजार लिटर. दहा दिवसांचे मिळून अठरा-एकोणीस हजार लिटर झाले. ज्या गावात बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या आहेत, तिथे रस्त्यावर एवढे पाणी ओता असे कोण सांगेल? आणि सांगितले तरी कोण ऐकेल? ऐकूही नये.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे काम दिवाळीनंतर, पौषापर्यंत उरकणे. त्या वेळी विहिरीला पाणी असते, ऊन सौम्य असते आणि काँक्रीट निवांत घट्ट होते. ग्रामसभेत काम मंजूर करताना ते कोणत्या महिन्यात होणार हेही विचारावे. हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ते शक्यच नसेल तर दुसरा उपाय असा, की ओले गोणपाट अंथरून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद घालावा आणि कडा दगड-मातीने दाबाव्यात. पाणी उडत नाही, दिवसातून एकदा गोणपाट उचलून पाहिले की पुरते. आणि ओतायचे काम दुपारी करू नये. सूर्य कलल्यावर करावे.

इतके झाले काँक्रीटचे. आता जमिनीकडे येऊ.

आपल्या दख्खनच्या पठारावर काळ्या बेसॉल्ट खडकापासून झालेली काळी माती पसरलेली आहे. कापसाला, ज्वारीला ही माती आईसारखी, पण बांधकामाला मात्र सावत्र. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज असते. त्याचे कण पत्र्यांच्या चळतीसारखे असतात आणि पाणी त्या पत्र्यांच्या मधे शिरते. माती फुगते. पाणी गेले की आकसते. वैशाखात शेतातून चालताना आपण पाहतोच, हात जाईल अशा भेगा, कुठे कुठे कमरेइतक्या खोल. जी जमीन दर वर्षी इतका मोठा श्वास घेते आणि सोडते, तिच्या छातीवर चार इंचांचा काँक्रीटचा तुकडा ठेवला तर त्याचे काय होणार? बरे, सारी जमीन सारखी हलली असती तरी निभावले असते. पण वाटेच्या मध्यावरची माती झाकलेली, म्हणून ओलसर राहते. कडेची माती उन्हात उघडी पडते, आकसते आणि खाली बसते. कडेचा आधार जातो आणि वाट लांबीच्या दिशेने, कडेला धरून फुटते. पन्हळीचे पाणी किंवा न्हाणीघराचे सांडपाणी एकाच ठिकाणी कडेला मुरत असेल तर तिथे उलटे होते, माती फुगून वाट वर उचलली जाते.

मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या या फुगण्यावर पुष्कळ वर्षे संशोधन केले. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा, म्हणजे आपल्या चांगल्या मुरमासारख्या मातीचा, दाबून बसवलेला जाड थर दिला तर खालच्या मातीचे फुगणे आवरले जाते, असे त्यांनी दाखवून दिले. कालव्यांच्या कामात तो थर एक मीटरच्या आसपास देतात. गल्लीला इतका देणे परवडायचे नाही. तरी निदान फूटभर काळी माती काढून, मुरूम भरून, पाणी शिंपडून, रोलर फिरवून मगच काँक्रीट ओतावे. नुसती वाळू किंवा मोकळे दगड मात्र भरू नयेत. त्यांत पाणी साठते आणि काळी माती ते खालून निवांत पीत बसते.

जमिनीचे दुसरे दुखणे माणसानेच दिलेले आहे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून गावोगाव घराघरांत नळ आले, ही चांगली गोष्ट झाली. पण कित्येक ठिकाणी आधी गल्ली काँक्रीटची झाली आणि मग नळाच्या चारीसाठी तीच फोडली गेली. चारी बुजवताना माती थराथराने धुमसाने ठोकली नाही, वर एक काँक्रीटचा पट्टा ओतून दिला. एक पाऊस पडला की चारीतली माती बसते आणि पट्टा लांबच्या लांब खचतो. नळ, गटार, विजेची तार, जे जमिनीखालून जायचे असेल ते आधी घालून घ्यावे, काँक्रीट शेवटी. आणि पार किंवा पिंपळ जवळ असेल तर वाट थोडी वळवून न्यावी. मुळाशी झगडून काँक्रीट जिंकल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आता आपल्या गल्लीतली भेग वाचू या. तिच्यावर आडवी पट्टी ठेवा. दोन्ही बाजू एका पातळीत आहेत आणि भेग वाटेला सरळ आडवी गेली आहे, तर समजा सांधे कापले नव्हते किंवा उशिरा कापले. एक बाजू खाली गेली आहे, तर दोष जमिनीचा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, उथळ रेघा असतील, तर ओतल्या दिवशी ऊन-वाऱ्याने पृष्ठभाग करपला, किंवा गवंड्याने वर कोरडे सिमेंट भुरभुरून घोटले. कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा पडला असेल, तर खाली पोकळी झाली आहे आणि वरून उसाची ट्रॉली नाहीतर पाण्याचा टँकर गेला आहे. संशय असेल तिथे पहारेच्या बुडाने ठोकून पाहा. भरीव जागा ठणठणीत वाजते, पोकळ जागा मडक्यासारखी बोलते.

भेग चालती आहे की थांबलेली, हेही कळले पाहिजे. भेगेच्या दोन्ही टोकांना रंगाने खूण करून तारीख लिहावी, आणि मधल्या एका ठिकाणी पट्टीने रुंदी मोजून ठेवावी. वैशाखात, श्रावणात आणि पौषात पुन्हा मोजावी. आकडे बदलत राहिले तर भेग जिवंत आहे. गुरुजनहो, हे काम सातवीच्या मुलांवर सोपवा. शाळेचीच वाट पुरते, आणि वहीत तयार होणारा तक्ता पुढे ग्रामपंचायतीला दाखवताही येतो.

दुरुस्ती त्याप्रमाणे करावी. जाळीदार रेघांना काही करू नये. त्यावर सिमेंटचे पाणी फासतात, ते सहा महिन्यांत पोपडे होऊन उडते. थांबलेली भेग असेल तर छिन्नीने बोटभर रुंद आणि तितकीच खोल चर करावी, पण तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळती नको. बाजू उभ्या किंवा तळाशी किंचित रुंद असाव्यात, म्हणजे भरण धरून राहते. धूळ झाडून, धुऊन, ओलसर असताना सिमेंटचा पातळ हात द्यावा आणि एकास तीनचा बेताच्या पाण्याचा माल ठासून भरावा. त्यालाही आठवडाभर पाणी हवे, हे विसरू नये. जिवंत भेगेत मात्र सिमेंट भरणे म्हणजे धावत्या बैलाच्या पायाला प्लॅस्टर बांधणे. ती हलणार आणि भरण सुटणार. तिला सांधाच मानावे. पावसाळ्यानंतर वाट पुरती कोरडी झाली की चर साफ करून तिच्यात सांधे भरण्याचे मऊ डांबर, नाहीतर सांध्यांसाठी मिळणारे रबरासारखे सीलंट भरावे. डांबर भरले तर वर थोडी वाळू टाकावी. खालच्या मातीत पाणी जाऊ न देणे, हेच त्या भरणाचे खरे काम.

खचलेल्या तुकड्याला वरून मलमपट्टी चालत नाही. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतचा पूर्ण चौकोन काढावा, खालची माती फूटभर उकरावी, मुरूम थराने ठोकावा, पाणी कुठून मुरते ते शोधून आधी बंद करावे आणि मगच नवे काँक्रीट ओतावे. खर्च जास्त दिसतो, पण तो एकदाच होतो.

आता सर्वांत मोठा धोका सांगतो. फुटलेल्या काँक्रीटवरच चार इंचांचा नवा थर ओतायचा, ही पद्धत फार बोकाळली आहे. अंदाजपत्रक सोपे, खोदाई नको, राडारोडा नको. परंतु खालची जिवंत भेग वर्ष-दोन वर्षांत नव्या थरातून बरोबर त्याच जागी वर डोकावते. आणि त्याहून वाईट म्हणजे दर खेपेला गल्ली चार इंच उंच होते. घर मात्र आहे तिथेच राहते. कित्येक जुन्या घरांचे ओटे असे रस्त्यात बुडाले आहेत. पायऱ्या चढून घरात जायचे, तिथे आता पायऱ्या उतरून जावे लागते, आणि आषाढात गल्लीचे पाणी उंबरा ओलांडून थेट चुलीपर्यंत येते. एखाद्या म्हातारीच्या घरात असे पाणी शिरले, तर ती दाद कोणाकडे मागणार? कागदावर तर रस्ता ‘सुधारलेला’ असतो. तेव्हा नव्या थराचा प्रस्ताव ग्रामसभेत आला, की उभे राहून दोनच गोष्टी विचाराव्यात: जुने काँक्रीट काढणार का? आणि तयार झालेल्या वाटेची पातळी उंबऱ्यापासून किती खाली राहणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.

जाता जाता शाळेसाठी एक प्रयोग सांगतो. तीन पसरट थाळ्या घ्या. दोघींत काळ्या मातीचा दाट चिखल बोटाच्या पेराइतका भरा, तिसरीत चाळलेल्या मुरमाचा. काळ्या मातीच्या एका थाळीत चिखल जरा आवळला की पट्टीच्या कडेने आडव्या-उभ्या खोल रेघा ओढा. तिन्ही थाळ्या उन्हात ठेवा. संध्याकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी, मुलांनाच बोलावून विचारा: कोणती माती जास्त फुटली, आणि रेघा ओढलेल्या थाळीत भेगा कुठून गेल्या? मग चौथी थाळी भरा, तिच्यावर ओले फडके घालून ठेवा, आणि ते फडके रोज ओले करण्याची पाळी मुलांत वाटून द्या.